जुन्या डायनासोर-चित्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'जुनी' म्हणजे नेमकी कधीची?

ढोबळमानाने १८३० ते १९७०. सुरुवात हेन्री डी ला बेश या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञाच्या एका जलरंगातल्या चित्रापासून धरतात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिस गावात मेरी ॲनिंग कड्यांतून जीवाश्म खणून काढायची आणि विकायची. तिला सापडलेले प्राणी त्याने १८३० मध्ये एकाच समुद्रात सोडले आणि चित्राला नाव दिलं 'ड्युरिया अँटिक्विअर'. त्यातल्या इक्थिओसॉर या माशासारख्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याने प्लेसिओसॉर या लांब मानेच्या समुद्री प्राण्याची मान जबड्यात धरली आहे. चित्राच्या शिळाछाप प्रती विकून आलेले पैसे ॲनिंगला देण्यात आले, कारण तिची तेव्हा बरीच ओढाताण चालली होती. शास्त्राच्या हिशोबात हे दोन्ही प्राणी डायनासोर नव्हेत, आणि डायनासोर हे नावही रिचर्ड ओवेन या इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञाने १८४२ मध्ये दिलं. पण घराण्याचा मूळपुरुष हेच चित्र.

शेवट १९६९ चा. त्या वर्षी जॉन ऑस्ट्रमने डायनोनिकस या चपळ शिकारी प्राण्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याचा विद्यार्थी रॉबर्ट बॅकर याने तो प्राणी धावताना काढला: पाठ आडवी, शेपूट मागे ताठ, एक पाय हवेत. त्या एका रेखाटनाने आधीची सगळी चित्रं एका फटक्यात जुनी करून टाकली.

चुकीची आहेत हे माहीत असूनही लोक ती का बघतात?

लहानपणच्या आठवणी, असं उत्तर बहुतेक जण देतात. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. माझ्या मते खरी कारणं दोन.

पहिलं म्हणजे ही मंडळी आधी जागा रंगवत, मग प्राणी. हवा दमट आहे की कोरडी, उन्हं कुठून आली आहेत, पाणी साचलेलं आहे की वाहतं, हे त्यांच्या चित्रात कळतं. आजची बरीच चित्रं म्हणजे जबडा वासून थेट आपल्यावर धावून येणारा प्राणी, आणि मागे काहीतरी हिरवट धुरकट. शरीररचना अगदी बिनचूक असेल, पण तिथे पाऊस पडून गेलाय का, हे सांगता येत नाही.

दुसरं कारण म्हणजे त्यांच्या चुकांना पत्ता असतो. शिंग नाकावर का गेलं, शेपूट जमिनीला का टेकली, प्राणी पाण्यात का बुडवला, या प्रत्येक चुकीच्या मागे एखादं हाड, एखादी खाण किंवा एखादा माणूस सापडतो. एकदा हा शोध घ्यायची चटक लागली की 'चूक' म्हणून चित्र बाजूला ठेवणं जमत नाही.

इग्वानोडॉनच्या नाकावर गेंड्यासारखं शिंग कुठून आलं?

अंगठ्यातून. इग्वानोडॉन या शाकाहारी डायनासोरच्या पंजाला शंकूच्या आकाराचा एक अणकुचीदार अंगठा असतो. सुरुवातीला हाडं सुटी-सुटी मिळाली होती, तेव्हा हे टोक नाकावर बसवलं गेलं.

त्याचं सगळ्यात भव्य रूप लंडनच्या दक्षिणेला क्रिस्टल पॅलेसच्या बागेत आजही उभं आहे. १८५१ च्या महाप्रदर्शनाचा काचेचा महाल सिडनहॅमला हलवल्यावर तिथल्या तळ्याकाठी नामशेष प्राण्यांचे पूर्णाकृती पुतळे करायचं ठरलं. काम मिळालं बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स याला, आणि शास्त्राचा सल्ला ओवेनचा. तिसेक पुतळ्यांपैकी खरे डायनासोर तीनच जातींचे: इग्वानोडॉन, मेगालोसॉरस आणि हायलिओसॉरस. १८५४ मध्ये बाग लोकांना खुली झाली.

हॉकिन्सने एका इग्वानोडॉनला लागलेल्या मालाची यादी देऊन ठेवली आहे: चार लोखंडी खांब, ६०० विटा, अर्धगोल आणि सपाट मिळून दीड हजारांवर कौलं, ३८ पिंपं सिमेंट. ही यादी वाचताना कुणी घरच बांधतोय असं वाटतं. ३१ डिसेंबर १८५३ च्या रात्री याच प्राण्याच्या साच्यात टेबल मांडून २१ जणांची जेवणावळ उठली आणि वर्तमानपत्रांत तिची चित्रं छापून आली. ओवेनची जागा अर्थातच डोक्याच्या बाजूला.

हा प्राणी गेंडा-हत्तीसारखा चार खांबांवर उभा, भारदस्त असण्यामागे ओवेनचा हेतू होता. जीव खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर आपोआप चढत जातात, हा विचार तेव्हा जोर धरत होता आणि ओवेनला तो मान्य नव्हता. प्राचीन सरपटणारे प्राणी आजच्या सरड्या-मगरींपेक्षा वरचढ दाखवले की त्या चढत्या शिडीला परस्पर सुरुंग लागत होता. म्हणजे बागेतला पुतळा हा एका वादातला युक्तिवादही होता. इग्वानोडॉनचे पुढचे पाय बारीक असावेत असं त्या प्राण्याला नाव देणाऱ्या गिडियन मॅन्टेलला वाटू लागलं होतं, पण तो १८५२ मध्येच वारला.

जाता जाता, हॉकिन्सचा आपल्याशी एक धागा जुळतो. तरुणपणी त्याने 'इलस्ट्रेशन्स ऑफ इंडियन झूऑलॉजी' या ग्रंथासाठी शिळाछाप चित्रं केली होती. त्यासाठी वापरलेली मूळ चित्रं होती कंपनी सरकारातले अधिकारी टॉमस हार्डविक यांच्या संग्रहातली, आणि त्यांतली पुष्कळशी भारतीय चित्रकारांच्या हातची. इग्वानोडॉनच्या कातडीवर खवले बसवण्याआधी त्याचा हात आपल्याकडच्या प्राण्यांवर बसला होता.

हॉकिन्सचे अमेरिकेतले डायनासोर फोडले गेले, हे खरं का?

खरं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये तसंच संग्रहालय उभारायचं काम त्याला मिळालं होतं. १८७१ मध्ये त्याच्या कार्यशाळेत माणसं घुसली आणि घणांनी पुतळ्यांचा चुरा केला. याचं खापर कित्येक वर्षं बॉस ट्वीड या बदनाम पुढाऱ्यावर फुटत आलं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने मात्र पार्कच्या कारभारातल्या हेन्री हिल्टन या इसमाकडे बोट दाखवलं.

शेपूट जमिनीवर का फरफटते?

बेल्जियममधल्या बर्निसार गावच्या कोळशाच्या खाणीत १८७८ मध्ये तीनशे मीटरहून खोल इग्वानोडॉनचे सांगाडेच्या सांगाडे सापडले. अंगठ्याचा घोटाळा इथे मिटला. लुई डोलो या जीवाश्मशास्त्रज्ञाने सांगाडे उभे केले तेव्हा त्याच्यापुढे नमुना म्हणून कांगारू आणि कॅसोवरी हा पक्षी होता. त्यामुळे धड उभं, दोन पाय आणि तिसरा टेकू शेपटीचा. खरं तर त्या शेपटीतल्या कंडरा हाडासारख्या कडक झालेल्या होत्या, आणि इतकी वाकवायची तर ती मोडावीच लागली असती. पण एकदा ब्रुसेल्समध्ये सांगाडा तसा उभा राहिल्यावर पुढची नव्वदेक वर्षं चित्रकार तेच काढत राहिले. १९३८ मध्ये टेक्सासातल्या एका नदीच्या पात्रात रोलंड बर्ड या जीवाश्म-संग्राहकाला अजस्र पाऊलखुणांच्या ओळी सापडल्या. त्यांच्यामागे शेपटीची फरफट जवळपास नव्हतीच, तरी चित्रांतल्या शेपट्या काही उचलल्या गेल्या नाहीत.

चार्ल्स नाइट हे नाव सारखं येतं. कोण हा?

या सगळ्या परंपरेतला सगळ्यात मोठा चित्रकार, आणि कायद्याच्या व्याख्येने जवळपास आंधळा. १८७४ मध्ये ब्रुकलिनमध्ये जन्म, डोळ्यांत तीव्र दृष्टिदोष, त्यात लहानपणी सोबत्याने मारलेल्या दगडाने उजवा डोळा दुखावलेला. खास चष्मा लावून, कॅनव्हासच्या अगदी जवळ तोंड नेऊन तो रंगवायचा. सुरुवातीला चर्चच्या रंगीत काचांच्या खिडक्यांचे आराखडे करून पोट भरलं. मोकळा वेळ मिळाला की प्राणिसंग्रहालयात जाऊन जिवंत जनावरं रेखाटायची.

न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने १८९४ मध्ये त्याच्याकडून एका नामशेष सस्तन प्राण्याचं चित्र करून घेतलं आणि तिथून त्याची वाट ठरली. त्याची पद्धत बघण्यासारखी. सांगाड्यावरून आधी तो मातीचा लहानसा पुतळा करायचा आणि त्यावर उजेड पाडून सावल्या कुठे पडतात ते बघायचा. ब्रश त्यानंतर. म्हणूनच त्याच्या प्राण्यांना वजन आहे. पोटाखालची सावली आणि पायाखालची माती एकाच उन्हात असतात.

त्याचं १८९७ चं 'लीपिंग लेलॅप्स' बघाच. एक शिकारी प्राणी पाठीवर पडून पंजे वर करून सज्ज, दुसरा त्याच्यावर अख्खा हवेत झेपावलेला. मठ्ठ, संथ डायनासोरांच्या काळातलं हे चित्र आहे, हे मुद्दाम लक्षात ठेवा. त्यामागे शास्त्रज्ञ एडवर्ड कोप याचा हात होता. त्याच वर्षी त्याच्या मृत्यूच्या थोडं आधी नाइट त्याला भेटला होता आणि हे प्राणी चपळ होते हा कोपचा आग्रह थेट चित्रात उतरला. म्हणजे १९६९ मध्ये जी 'क्रांती' झाली तिचं एक चित्र सत्तर वर्षं आधीच काढून तयार होतं.

शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये त्याची २८ भित्तिचित्रं आहेत, १९२६ ते १९३० या काळातली. त्यांतलं टायरानोसॉरस आणि ट्रायसेराटॉप्सचं चित्र इतक्या ठिकाणी नकललं गेलंय की आपण ते आधी पाहिलेलं असतंच. मूळ चित्रात ते दोघे अजून भिडलेले नाहीत. मध्ये मोकळी जमीन आहे, आणि लांब मागे आणखी एक टायरानोसॉरस उभा आहे, त्याला या भांडणाशी काही देणंघेणं असावं असं वाटत नाही. नक्कल करणाऱ्यांनी नेमकी ती मोकळी जागा काढून टाकली आणि दोघांना एकमेकांवर घातलं.

त्या काळात डायनासोर मंद आणि मठ्ठच का दाखवत?

यात शास्त्र थोडं आणि जमाना जास्त. जे नामशेष झालं ते नालायकच असणार, ही समजूत यंत्रयुगातल्या युरोप-अमेरिकेला फार सोयीची होती. नाइटला सगळ्यात जास्त काम देणारा हेन्री फेअरफील्ड ऑस्बॉर्न हा म्युझियमचा अध्यक्ष होता. टायरानोसॉरसचं नामकरण त्यानेच १९०५ मध्ये केलं. तोच माणूस वंशश्रेष्ठत्वाचा कट्टर पुरस्कर्ता होता आणि १९२१ मध्ये 'वंशसुधारणे'ची आंतरराष्ट्रीय परिषद त्याने याच म्युझियममध्ये भरवली. वरची दालनं आणि खालची भाषणं एकाच छपराखाली होती, हे विसरून ती चित्रं बघता येत नाहीत. नाइटचा ब्रश मात्र अनेकदा ऑस्बॉर्नच्या विचारांपेक्षा मोकळा होता, असं मला वाटतं.

येल विद्यापीठाच्या पीबडी म्युझियममधलं रुडॉल्फ झालिंगरचं 'द एज ऑफ रेप्टाइल्स' या बाबतीत बोलकं आहे. ११० फूट लांब, कोरड्या गिलाव्यावर केलेलं, १९४३ ते १९४७ अशी जवळजवळ चार वर्षं घेतलेलं भित्तिचित्र. तीस कोटींहून जास्त वर्षं एका सलग प्रदेशात मांडली आहेत आणि एका काळातून दुसऱ्यात शिरताना मध्ये फक्त एखादं मोठं झाड येतं. टायरानोसॉरस पोट सुटलेला, शेपूट टेकून उभा. १९५३ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाने या रचनेची आवृत्ती छापली आणि ती घराघरांत गेली. पुढे प्लास्टिकच्या खेळण्यांतले डायनासोरही याच चित्रावर बेतले गेले. वानरापासून माणसापर्यंत एका रांगेत चालत जाणारं ते प्रसिद्ध चित्र, ज्याच्यावर आजही व्हॉट्सॲपवर विनोद फिरतात, तेही १९६५ मध्ये झालिंगरनेच काढलं. काळ म्हणजे एका दिशेने चाललेली मिरवणूक, ही कल्पना या हाताला चांगली सवयीची होती.

पेट्रोल डायनासोरांपासून बनतं हा समजही या चित्रांमुळेच का?

बराचसा. सिंक्लेअर या अमेरिकी तेल कंपनीने १९३० च्या सुमारास जाहिरातींत डायनासोर आणले आणि हिरवा ब्रॉन्टोसॉरस कायमचा बोधचिन्ह झाला. तेल जितकं जुनं तितकं चांगलं, असा जाहिरातीचा रोख होता. प्रत्यक्षात खनिज तेलाचा बहुतेक माल समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचा, शैवालाचा. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यासाठी कंपनीने केलेले पूर्णाकृती डायनासोर तराफ्यावर चढवून हडसन नदीतून नेले. जाहिरात म्हणून याला तोड नाही.

बुरिआनची चित्रं इतरांपेक्षा वेगळी का वाटतात?

झ्देनेक बुरिआन (१९०५–१९८१) हा चेक चित्रकार. साहसकथांच्या पुस्तकांची चित्रं काढता काढता इकडे वळला आणि योसेफ ऑगुस्टा या जीवाश्मशास्त्रज्ञासोबत त्याची जोडी जमली. त्यांची मोठ्या आकाराची पुस्तकं प्रागमध्ये छापून इंग्रजीसह अनेक भाषांत जगभर गेली. फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत एखादी प्रत हाती लागली तर भाव करत बसू नका.

त्याच्याकडे ओल आहे. कुजलेलं लाकूड, डबक्यावरचा तवंग, नेच्याच्या पानांतून गाळून आलेला उजेड. प्राणी कधीकधी दुय्यमच. १९४१ चं त्याचं ब्रॅकिओसॉरसचं चित्र म्हणजे या घराण्यातली सर्वांत देखणी चूक: अख्खा प्राणी खोल पाण्यात आणि श्वासापुरतं डोकं वर. नाकपुड्या डोक्याच्या माथ्यावर असल्याने आणि एवढं वजन जमिनीवर पेलणार नाही या समजुतीने हा प्राणी पाण्यात गेला. १९५१ मध्ये केरमॅक या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की इतक्या खोलीवर पाण्याचा दाबच छातीला फुगू देणार नाही. चित्र तरीही छापलं जात राहिलं, कारण ते पटतं. पाण्याखालचा तो हिरवा अंधार एकदा पाहिला की भौतिकशास्त्र आठवत नाही.

रंग इतके मळकट का?

हत्ती, गेंडा, मगर हे नमुने डोळ्यांपुढे होते म्हणून. रंगाचा पुरावा मिळायला २०१० उजाडावं लागलं. त्या वर्षी सिनोसॉरोप्टेरिक्स या लहानशा पिसांच्या डायनासोरच्या शेपटीवर तांबूस-पांढरे पट्टे होते असं त्याच्या पिसांतल्या सूक्ष्म रंगकणांवरून दाखवलं गेलं.

प्रत्येक चित्रात मागे ज्वालामुखी, आणि गवत मात्र कुठेच नाही. असं का?

धुमसता सुळका ठेवला की पृथ्वी तरुण वाटते, म्हणून तो नेपथ्यासारखा मागे उभा असतो. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर ते नेपथ्य निम्मं खरं आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनासोर संपत होते त्याच सुमारास दख्खनचा लाव्हा ओतला जात होता, आणि सह्याद्रीचा काळा पाषाण तोच. फरक इतकाच, की आपल्याकडे लाव्हा बहुतांशी जमिनीच्या लांब भेगांमधून पसरत गेला. सुळक्यातून उडणारं कारंजं इथे शोभणार नाही.

गवताची गोष्ट आणखी मजेची. गवत डायनासोरांनंतर आलं असं पक्कं मानलं जायचं, म्हणून काळजीने काम करणारे चित्रकार नेचे, सायकड, सूचिपर्णी झाडं रंगवत आणि गवताची काडीही टाळत. मग २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात एक शोध मांडला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळच्या पिसदुरा गावी डायनासोरांची दगड झालेली विष्ठा मिळते. तिच्यात त्यांना गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडले. म्हणजे विदर्भातल्या शेवटच्या डायनासोरांभोवती थोडं गवत काढायला हरकत नव्हती. कुरणं मात्र नकोत.

भारतातल्या डायनासोरांची अशी जुनी चित्रं आहेत का?

नाइट आणि बुरिआन यांच्या गाजलेल्या चित्रांत आपला प्राणी भेटत नाही, जरी हाडं इथे फार लवकर सापडली होती. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून आपल्याला माहीत असलेला कॅप्टन स्लीमन, त्याला १८२८ मध्ये जबलपूरला हाडं मिळाली. १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर या इंग्रज शास्त्रज्ञाने 'टायटॅनोसॉरस इंडिकस' असं नाव दिलं ते प्रामुख्याने शेपटीच्या मणक्यांवरून. नागपूरचे स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आजही तिथे आहे, त्यांनी पिसदुऱ्याहून जीवाश्म गोळा केले होते. पण दोन मणक्यांवरून नाइटसारखा माणूसही प्राणी उभा करणार नाही. नीट सांगाडा उभा राहण्याइतका ऐवज मिळाला तो १९६० च्या आसपास, गोदावरी खोऱ्यात. तोच बारापासॉरस टागोरेई, नाव रवींद्रनाथांवरून. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा आयसिसॉरस तर १९९७ मध्ये पहिल्यांदा वर्णिला गेला, तोवर जुन्या शैलीचा जमाना उलटून गेला होता.

आपल्या वाट्याला आले ते स्टेशनरीच्या दुकानातले तक्ते. माझ्याकडच्या एका तक्त्यावर झालिंगरचा टायरानोसॉरस उलटा करून छापला आहे आणि शेजारी बुरिआनचा ब्रॅकिओसॉरस कोरड्या जमिनीवर, पण मान तशीच श्वासासाठी ताणलेली. पाणी पुसलं, पोझ राहिली.

मुलांना ही चित्रं दाखवावीत का? गैरसमज होतील ना?

दाखवा, पण जुनं आणि नवं शेजारी ठेवून. काय बदललं हे मुलं आपल्याआधी शोधतात.

टी-शर्टवर किंवा पोस्टरवर छापता येतात का?

भारतीय कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. नाइट १९५३ मध्ये वारला, त्यामुळे २०१३ च्या अखेरीस ती मुदत संपली. बुरिआनची २०४१ च्या अखेरीपर्यंत आहे, तेव्हा त्याला हात लावू नका. माल परदेशी विकणार असाल तर तिथला कायदा वेगळा बघावा लागेल.

मूळ कलाकृती कुठे बघायला मिळतील?

क्रिस्टल पॅलेसची बाग विनातिकीट आहे. नाइटची भित्तिचित्रं शिकागोला. चेक प्रजासत्ताकात श्त्राम्बेर्क गावी बुरिआनच्या नावाचं संग्रहालय आहे. बर्लिनच्या मत्स्यालयाच्या भिंतीवर हाइनरिश हार्डर या जर्मन चित्रकाराच्या १९१३ च्या चित्रांची मोझॅकं आहेत. ती दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाली होती, नंतर पुन्हा केली. बारापासॉरस कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत.

न्यू हेवनला पीबडीत गेलात तर झालिंगर उजव्या टोकाकडून बघायला सुरुवात करा, कारण काळ तिकडून डावीकडे सरकतो. त्याच दालनात ब्रॉन्टोसॉरसचा सांगाडा आहे. म्युझियम २०२४ मध्ये पुन्हा उघडलं तेव्हा तो नव्याने उभारलेला होता, आणि आता त्याची शेपूट जमिनीपासून चांगली वर आहे.